कन्फ्युशियसचे पुनरागमन आणि आपला हिशोब



आता तुम्ही म्हणाल, दत्तजयंतीच्या अंकात हे चिनी काय काढलंय? संपादकांनीही फोनवर हेच विचारलं. त्यांना मी म्हटलं, अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यात पृथ्वी होती, कबुतर होतं, अजगर होता, पिंगलाही होती. मग अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक चिनी शिक्षक पंचविसावा म्हणून दारात उभा राहिला तर आपण काय कडी लावायची? आणि गंमत अशी, की हा गृहस्थ स्वतःही असंच म्हणत असे, की तीन माणसं रस्त्यानं चालली असतील तर त्यांतला एखादा तरी माझा गुरू असतोच.

माझी त्याची ओळख झाली ती एका नोटेमुळे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षं क्लार्क म्हणून काढली. नोट हातात आली की आधी ती उजेडात धरून बघायची ही खोड अजून गेलेली नाही. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त सिंगापुरात असतात. गेल्या वर्षी ती दोघं जपानला फिरायला गेली आणि येताना माझ्यासाठी दहा हजार येनची नवी नोट घेऊन आली. जपानच्या मध्यवर्ती बँकेनं जुलै २०२४ मध्ये या नव्या नोटा काढल्या. नोटेवर एका वृद्ध गृहस्थाचा चेहरा. मी विचारलं, हे कोण? राजा की पंतप्रधान? जावई म्हणाले, "बाबा, हे तुमच्यातलेच. बँकवाले."

एइची शिबुसावा. जन्म १८४०, मृत्यू १९३१. सरकारच्या अर्थखात्यातली चांगली नोकरी सोडून त्यांनी १८७३ साली जपानची पहिली आधुनिक बँक उभी केली, आणि पुढे सुमारे पाचशे कंपन्या-संस्थांच्या उभारणीत हात दिला. आपल्याशीही त्यांचा संबंध आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी जपानी कंपनीची मुंबई-जपान अशी मालवाहू बोट सुरू झाली. इंग्रजी कंपन्या कापसावर मनमानी भाडं लावत, त्यावर दोघांनी मिळून काढलेला तो तोडगा होता. पण मला थांबवलं ते त्यांच्या पुस्तकाच्या नावानं. १९१६ साली त्यांच्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं, त्याचं नाव ‘संवाद आणि अबॅकस’ असं सांगता येईल. अबॅकस म्हणजे मण्यांची मोजपाटी. आणि संवाद म्हणजे कन्फ्युशियसचे, त्याच्या शिष्यांनी जमवून ठेवलेले. शिबुसावांचं म्हणणं असं की धंदा आणि नीती हे दोन वेगळे कप्पे नव्हेत. एका हातात संवाद, दुसऱ्या हातात मोजपाटी. नीती सोडून केलेला नफा टिकत नाही आणि नफ्याला विटाळ मानणारी नीती लोकांच्या पोटाला काही देत नाही.

सिंगापूरला मुलीकडे दोन महिने राहिलो. तिथं दिवसभर घरात माणूस नसतं. मी वाचनालयात जाऊन बसायचो आणि त्या संवादांचा इंग्रजी तर्जुमा वहीत टिपणं काढत वाचायचो.

कन्फ्युशियसचा जन्म इसवी सनापूर्वी ५५१, लू नावाच्या लहानशा राज्यात. आजच्या शानतुंग प्रांतातलं छुफू हे त्याचं गाव. वडील लहानपणीच गेले, आईनं वाढवलं. मोठा अधिकार त्याला फारसा लाभला नाही. उतारवयात राज्याराज्यांतून हिंडला, राजांना सांगत राहिला, कोणी फारसं ऐकलं नाही, परत गावी येऊन शिकवत बसला आणि ४७९ मध्ये गेला. पण त्याच्या तरुणपणाबद्दल मेन्शियस नावाचा त्याच्या परंपरेतला दुसरा मोठा विचारवंत एक गोष्ट सांगतो, ती वाचून मी खुर्चीतच जरा सरसावून बसलो. कन्फ्युशियस उमेदीच्या काळात धान्यकोठाराचा हिशोब ठेवणारा कारकून होता! आणि त्या कामाबद्दल तो एवढंच म्हणे, की माझा हिशोब बरोबर असला पाहिजे, बस.

म्हणजे हाही आमच्यातलाच. पूर्वी बँकेत रोजकीर्द आणि खतावणी जुळल्याशिवाय घरी जायचं नाही असा दंडक होता. पाच पैशांचा फरक असला तरी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत शोधायचो. ‘हिशोब बरोबर असला पाहिजे’ हे मी आयुष्यभर धरून बसलो. ते धरून बसण्यात माझं काय चुकलं, ते पुढे सांगतो. आधी त्या माणसाचं चीनमध्ये काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण ती गोष्ट विलक्षण आहे.

सुमारे तेराशे वर्षं चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे, आणि परंपरेचे ग्रंथ पाठ असल्याशिवाय तिच्यात निभाव नसे. १९०५ साली ही परीक्षा बंद झाली. १९११ मध्ये बादशाही कोसळायला लागली. १९१९ च्या विद्यार्थी आंदोलनाच्या काळात तरुण पिढीनं ठरवलं, की आपला देश मागे पडला, परकीयांपुढे वाकला, त्याला हाच म्हातारा जबाबदार. याच्यामुळेच आपण बापापुढे, राजापुढे, नवऱ्यापुढे माना खाली घालायला शिकलो. ‘कन्फ्युशियसचं दुकान बंद करा’ ही तेव्हाची घोषणा. नंतर माओंचं राज्य आलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीजिंग नॉर्मल विद्यापीठातल्या रेड गार्ड विद्यार्थ्यांची तुकडी छुफूला गेली. त्यांनी देवळातल्या मूर्ती आणि शिलालेख फोडले, त्याच्या वंशजांच्या कबरी उकरल्या. १९७३-७४ मध्ये तर सरकारनंच ‘लिन बियाओंवर टीका करा, कन्फ्युशियसवर टीका करा’ अशी मोहीम देशभर चालवली. मेल्याला अडीच हजार वर्षं झाली तरी माणसाला राजकीय शत्रू ठरवायचं, हे जरा अतिच. पण एवढा राग येतो म्हणजे तो माणूस अजून घराघरात कुठेतरी बसलेला असणार, असंही मला वाटतं.

आणि मग तो परत आला. १९७८ नंतर बाजार खुला झाला, हातात पैसा खेळू लागला. माओंची पोथी कोणी मनापासून वाचेना, पैसा सोडून दुसरं काही बोलायला राहिना. अशा वेळी घरातला जुना माणूस आठवतो. छुफूची देवळं दुरुस्त झाली, १९९४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून ती नोंदवली. सरकार ‘सुसंवादी समाज’ अशी भाषा बोलायला लागलं. २००४ पासून जगभर चिनी भाषा शिकवणाऱ्या सरकारी संस्था निघाल्या, त्यांना नाव दिलं कन्फ्युशियस संस्था. पहिली दक्षिण कोरियात सोलला. आपल्या मुंबई विद्यापीठातही एक होती. पुढे बऱ्याच देशांना शंका आली की भाषेच्या आडून प्रचार चाललाय. शिकागो विद्यापीठानं २०१४ मध्ये करार संपवला, आणि २०२० मध्ये आपल्या केंद्र सरकारनंही या संस्थांचा फेरविचार सुरू केला.

२००६ साली यू दान नावाच्या प्राध्यापिकेनं चिनी सरकारी दूरदर्शनवर संवादांवर सोप्या भाषेत प्रवचनं केली. आपल्याकडे टीव्हीवर सकाळी निरूपण असतं, तसंच. पुस्तक निघालं, लाखो प्रती खपल्या. विद्वानांनी नाकं मुरडली, की बाईंनी सगळं गोड करून सांगितलं. लोकांनी ऐकलं. आणि या बाई कुठल्या? बीजिंग नॉर्मल विद्यापीठातल्या! जिथली पोरं चाळीस वर्षांपूर्वी हातोडे घेऊन निघाली होती, त्याच विद्यापीठातल्या. हे वाचून मी वही मिटली आणि खाली जाऊन चहा पिऊन आलो.

जानेवारी २०११ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकालगत, राष्ट्रीय संग्रहालयासमोर कन्फ्युशियसचा एकतीस फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. समोर चौकात माओंची तसबीर. एप्रिलमध्ये एका रात्री तो पुतळा गुपचूप तिथून उचलला गेला आणि संग्रहालयाच्या आतल्या अंगणात गेला. कारण कोणी धड सांगितलं नाही. म्हणजे हवाही आहे आणि समोर नकोही आहे. पुढे २०१३ मध्ये शी जिनपिंग स्वतः छुफूला जाऊन आले आणि २०१४ मध्ये कन्फ्युशियसच्या २५६५ व्या जयंतीच्या परिषदेत त्यांनी भाषण केलं.

राज्यकर्त्यांना हा माणूस का आवडतो, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. मोठ्यांचं ऐका, आपापल्या जागी राहा, शिस्तीनं वागा, हे कोणत्या राज्यकर्त्याला नको असतं? आमच्या मॅनेजरलाही तेच हवं असायचं. पण संवाद सबंध वाचले तर त्यात दुसरी बाजू तेवढीच ठळक आहे. राजानं आधी राजासारखं वागावं, बापानं बापासारखं. नाव आणि वागणं जुळलं पाहिजे. आपण मराठीत ‘नावाला जागणं’ म्हणतो, ते बहुधा हेच. मेन्शियस तर आणखी पुढे जातो. जुलमी राजाला लोकांनी मारलं तर ती राजहत्या होत नाही, एका गुंडाला मारल्यासारखं ते होतं, अशा अर्थाचं तो बोलून जातो. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाला हे झोंबलं. त्यानं १३९४ मध्ये मेन्शियसच्या ग्रंथातले सुमारे ८५ उतारे काढून टाकवले आणि कापलेली प्रत परीक्षेला लावली. राज्यकर्त्यांचं कन्फ्युशियस-प्रेम म्हणजे सहसा असली कापलेली प्रत असते, असं माझं मत झालंय. आजचंही.

चीनमध्ये काही विचारवंत सरकारच्या पुढे जाऊन बोलतात. जियांग छिंग नावाचे एक आहेत (माओंच्या बायकोच्या नावाचा उच्चारही जवळपास हाच, पण त्या वेगळ्या, त्या तर कन्फ्युशियसविरोधी मोहिमेच्या बाजूच्या). त्यांची सूचना अशी की चीनमध्ये तीन सभागृहांची संसद असावी. एक विद्वानांचं, एक लोकांनी निवडलेलं, आणि एक राष्ट्राच्या परंपरेचं, ज्याचा प्रमुख कन्फ्युशियसचा वंशज असेल. दुसरे डॅनियल बेल, कॅनडाचे, चीनमध्ये अनेक वर्षं शिकवलेले. त्यांनी २०१५ च्या पुस्तकात मांडलं की वरच्या जागांवर मतांनी नव्हे, तर गुणवत्तेनं, खालपासून पायरी-पायरीनं पारखून माणसं नेणं हीही राज्य करण्याची एक चांगली रीत असू शकते. वाचताना पटल्यासारखं होतं. पण आमच्याकडेही बढतीच्या परीक्षा होत्या. पहिल्या नंबरानं पास झालेले सगळे चांगले मॅनेजर झाले, असं काही मी पाहिलं नाही. आणि वाईट मॅनेजर आला तर त्याची बदली होईपर्यंत वाट बघण्यापलीकडे आमच्या हातात काय होतं? मतपेटीत निदान पाच वर्षांनी बदलीची ऑर्डर आपल्या हातात येते.

यावर कन्फ्युशियसचंच एक बोलणं मला जास्त जवळचं वाटतं. शिष्यानं विचारलं, राज्याला काय लागतं? तो म्हणाला, पुरेसं अन्न, पुरेशी शस्त्रं आणि लोकांचा विश्वास. एक सोडायची वेळ आली तर? शस्त्रं सोडा. आणखी एक? अन्न सोडा, मरण कुणाला चुकलंय, पण विश्वास गेला तर राज्य उभंच राहत नाही. बँकवाल्याला हे कोणी समजावून सांगायला नको. आमच्या गावात एक पतसंस्था बुडाली, त्या दुपारी आमच्या शाखेत, जिचा त्या पतसंस्थेशी काडीचा संबंध नव्हता, ठेवीदारांची रांग लागली होती. तिजोरीत पैसा होता. रांग पैशासाठी नव्हतीच.

असो. राजकारण बाजूला ठेवतो. आपल्यासारख्या वयस्क गृहस्थांना जो भाग लागू पडतो तो आईबापांच्या सेवेचा.

चीननं १९८० च्या आसपासपासून २०१५ पर्यंत एका जोडप्याला एकच मूल हा नियम चालवला. ते मूल मोठं झालं, शहरात गेलं, लग्न झालं, आणि दोघांच्या डोक्यावर चार म्हातारी माणसं आली. तीही गावात. मग सरकारनं वृद्धांच्या हक्कांचा कायदा सुधारला. १ जुलै २०१३ पासून वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वारंवार भेटावं किंवा त्यांची विचारपूस करावी, असं कायद्यातच लिहिलं गेलं. त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयानं सत्त्याहत्तर वर्षांच्या एका आईच्या दाव्यात मुलीला आदेश दिला, की दोन महिन्यांतून किमान एकदा आईला भेटायला जा.

सिंगापूरनं हे त्याआधीच वेगळ्या रीतीनं केलं होतं. तिथं १९८४ मध्ये शाळेत कन्फ्युशियसची नीती हा ऐच्छिक विषयच सुरू केला. मुलांनी बौद्ध धर्माचा विषय जास्त घेतला, याचा कमी, आणि काही वर्षांत तो बंद पडला. मग १९९५ मध्ये आईवडिलांच्या पोटगीचा कायदा केला. आणि २०१५ पासून लग्न झालेल्या मुलानं किंवा मुलीनं आईवडिलांजवळ जुनं घर घेतलं तर सरकार अनुदान देतं. मला हे अनुदान सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. जिना उतरून पलीकडच्या इमारतीत आई असेल तर माणूस भाजी द्यायला तरी जातो.

आपल्याकडेही २००७ चा कायदा आहेच. प्रांतसाहेबांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलेलं घर, मुलानं न सांभाळल्यास, रद्द करून परत मागता येतं. ज्येष्ठ वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्यावी. लाजू नये.

पण कायद्यानं पाठवलेली मुलगी दारात आली तर आईला काय वाटत असेल? इथं माझं मन दोन्हीकडे जातं. नोव्हेंबर महिन्यात बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर येत. एक आजी दरवर्षी मुलाबरोबर रिक्षातून यायच्या. मुलगा बाहेर मोबाइलवर उभा. मी फॉर्म भरून देत असे. एकदा म्हटलं, "आजी, पुढच्या वर्षी त्रास घेऊ नका, मी घरी येऊन सही घेतो." तर घाईनं म्हणाल्या, "नको रे बाबा, तेवढंच वर्षातनं एकदा लेकाबरोबर रिक्षात बसणं होतं." त्या आजींना सरकारी नियमानं घडवलेली भेटसुद्धा हवी होती. म्हणून मी त्या चिनी न्यायाधीशाला हसत नाही.

खुद्द कन्फ्युशियस मात्र सक्ती करत नाही. त्या काळी आईबाप गेले की तीन वर्षं सुतक पाळत. एका शिष्यानं वाद घातला, की तीन वर्षं फार होतात, एक पुरे. कन्फ्युशियसनं विचारलं, वर्षानंतर गोड भात खाताना, भारी कपडे घालताना तुझ्या मनाला चैन पडेल? शिष्य म्हणाला, पडेल. मग तसं कर, म्हणाला. शिष्य गेल्यावर मात्र तो हळहळला, की तीन वर्षं होईपर्यंत पोर आईबापाच्या अंगावरून उतरत नाही, याला तेवढंही आठवलं नाही का? बस, एवढंच. दंड नाही, खटला नाही.

आणि आणखी एके ठिकाणी तो म्हणतो त्याचा आशय असा, की हल्ली आईबापांना खायला घालणं यालाच लोक सेवा समजतात. पण खायला आपण कुत्र्याला आणि घोड्यालाही घालतो. मनात मान नसेल तर फरक काय राहिला?

हे वाक्य मी सिंगापूरच्या वाचनालयात वाचलं आणि त्या दिवशी पुढचं वाचलं नाही.

आमची आई गावी, कृष्णाकाठी, धाकट्या भावाकडे राहायची. वडील मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी गेले. माझ्या बदल्या. दर महिन्याच्या एक तारखेला मी मनीऑर्डर करायचो. १९८३ साली दीडशे रुपयांपासून सुरुवात, मग तीनशे, पाचशे, हजार. पुढे बँका संगणकावर आल्या तेव्हा भावाच्या खात्यात परस्पर. एक महिना चुकला नाही. संपाच्या महिन्यात नाही, मुलीच्या आजारपणात नाही. मला त्याचा अभिमान होता, अगदी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. गावी जाणं मात्र गणपतीत दोन दिवस आणि मे महिन्यात चार. पुढे पुढे मे महिनाही सुटला.

आई २००९ साली गेली. दिवस झाल्यावर धाकट्या भावजयीनं एक पुरचुंडी आणून दिली. म्हणाली, "मोठे भावजी, हे त्यांच्या उशाला असायचं." आत मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या. फॉर्मचा जो खालचा तुकडा पैसे घेणाऱ्याला मिळायचा, ज्यावर संदेश लिहायला जागा असायची, ते सगळे तुकडे. वर्षवार लावून, दोऱ्यानं बांधलेले. आई दुसरी शिकलेली होती, वाचता येत होतं. मी सगळे तुकडे उलटसुलट पाहिले. पहिल्या वर्षी चार-पाचांवर मी ‘खुशाल आहे, तब्येतीस जपणे’ असं लिहिलेलं होतं. बाकी कोरे. पंधरा-सोळा वर्षांचे तुकडे, संदेशाची जागा कोरी. रक्कम मात्र अक्षरी आणि अंकी दोन्ही बरोबर.

माझा हिशोब बरोबर होता.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. सिंगापूरहून परत आल्यावर सौ.ला कन्फ्युशियसचं सगळं सांगितलं, घोडा आणि कुत्रा सांगितला, चिठ्ठ्यांचंही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते खरंय. पण तुमच्या त्या बाबानं हे सांगितलं का, की आईंना आंघोळ कोण घालत होतं?"

मी गप्प. भाऊ शेतात असायचा. आईला शेवटची चार वर्षं धाकट्या भावजयीनं केलं. रात्री उठवायचं तिनं, भाकरी मऊ करून भरवायची तिनं. मान द्यायचा की नाही यावर मी एवढा विचार करतोय, पण ज्या हातानं मान आणि भाकरी दोन्ही दिलं, तो हात माझा नव्हता, भावाचाही नव्हता. सेवा मुलानं करावी असं पोथीत, आणि करते सून. सौ. पुढे म्हणाली, "आणि तिच्या आईला कोण करत होतं, ते विचारलंत कधी?" नव्हतं विचारलं.

याचं उत्तर मला संवादांत सापडलं नाही. पाच नाती त्याची परंपरा सांगते: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, मोठा भाऊ-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. सून कुठेच नाही. चीनमध्ये पुढच्या काळात त्याच्या नावावर बायकांवर काय काय लादलं गेलं, विधवांनी कसं राहावं याचे काय नियम झाले, ते वाचलं तर १९१९ च्या तरुणांचा राग समजतो. त्याच्या घराण्याची वंशावळ जगातल्या सर्वांत जुन्या वंशावळींत मोडते. तिची नवी आवृत्ती २००९ मध्ये निघाली, वीस लाखांवर नावं, आणि तिच्यात मुलींची नावं प्रथमच घातली. कोरियात, जिथं चीनपेक्षाही कडक कन्फ्युशियसपण होतं, घराचा कायदेशीर प्रमुख पुरुषच असावा ही पद्धत २००५ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली आणि २००८ पासून ती गेली. १९९७ मध्ये त्याच न्यायालयानं एकाच कुळातल्या लग्नाची बंदीही उठवायला लावली होती, आपल्या सगोत्रासारखी. आणि ज्या पूर्व आशियात हे झालं, तिथले लोक आईवडिलांना टाकून निघाले असं काही झालेलं नाही. जुन्या माणसाला घरात परत घेताना त्याच्या सगळ्या सवयी घ्याव्या लागत नाहीत. पण कोणत्या घ्यायच्या हे ठरवताना स्वयंपाकघरातल्या माणसाला विचारावं, हे मला सौ.नं शिकवलं. चीनच्या राज्यकर्त्यांनाही कोणी शिकवलं तर बरं होईल.

आता माझी मुलगी मला दर महिन्याला पैसे पाठवते. मी नको म्हणतो, पेन्शन पुरते. ती ऐकत नाही. मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, आणि मी तो उघडून बघतो की खाली तिनं काही लिहिलंय का. गेल्या महिन्यात लिहिलं होतं, ‘बाबा, गोळ्या वेळेवर’. आमच्याकडून तिला काय मागायचा हक्क आहे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. माझ्या आईनं काहीच मागितलं नव्हतं.

धाकट्या भावजयीचे दोन्ही गुडघे गेलेत. जयंतीचा उत्सव झाला की मिरजेला ऑपरेशन ठरलंय. आम्ही दोघं महिनाभर गावी जाऊन राहणार आहोत. स्वयंपाक सौ. करणार, भांडी आणि पाण्याचं काम माझ्याकडे आलंय. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तुला कशाला त्रास, पैसे पाठव फक्त, बाई लावतो कामाला." मी म्हटलं, तारीख नक्की झाली की कळव, आगाऊ तिकीट काढून ठेवतो.